लावणे आणि लागणे



गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची डिस्क मी घरीच बदलली. जुन्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला होता आणि तिची झीज त्याखाली उतरली होती. तुमच्याप्रमाणेच माझ्याजवळही शिक्षक नव्हता. होती ती केवळ पुस्तिका. तिच्या आधाराने कॅलिपर सोडवला, चाक उतरवले, नव्या डिस्कवरचा तेलकट थर पुसला, तिचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत नेले. नवी डिस्क आणि नवे पॅड जाड. ते बसावेत म्हणून कॅलिपरचे पिस्टन आत ढकलले.

मुलगा महाविद्यालयात निघाला होता. त्याच्या हाती किल्ली देणार, तोच सहज लिव्हर दाबला. तो काहीही अडथळा न होता थेट मुठीला टेकला. पिस्टन मागे सारल्यावर लिव्हर पुनःपुन्हा दाबून पॅड डिस्कपाशी आणावे लागतात. पुस्तिकेतील नेमकी ती ओळ मी ओलांडून गेलो होतो. आमच्या फाटकापुढे उतार आहे.

मराठीत ब्रेक आपण 'लावतो' आणि ब्रेक 'लागतो'. पहिल्या वाक्यात कर्ता आपण, दुसऱ्यात ब्रेक. हा भेद मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या सकाळी तो हाताला कळला.

अर्थाचेही असेच आहे. तो आपण लावतो. परंतु लागला की नाही, हे एकट्याने वाचणाऱ्याने उतारावर येण्यापूर्वीच तपासावे.