ओळखीच्या नावाने

दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला एक पोरगा माझ्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकतोय. तो आल्यापासून कुणाच्या घरी गेलो की मी लगेच कीबोर्ड ओढून घेत नाही. आधी तो घरच्या माणसाशेजारी बसतो आणि विचारतो, ‘आलं कुणाच्या नावाने?’

मला वर्षानुवर्षं छळणारा प्रश्न हाच. पॅच, अपडेट, बॅकअप ही कामं करून मोकळं होता येतं. पण जे आपल्याच माणसाच्या नावाने येतं, ते अडवायचं कसं? ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ हा मेलमधला व्हायरस पसरला तो अ‍ॅड्रेस बुकातून, म्हणजे ओळखीपाळखीतूनच. फाईलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि शेवटी ‘व्हीबीएस’. विंडोज ते शेवटचं लपवायची, त्यामुळे दिसायची साधी टेक्स्ट फाईल. एक्स्टेन्शन लपवणारी ती टिक आजही नव्या मशीनवर लावलेलीच येते. का, ते मला अजून पटलेलं नाही. कुठल्याही घरी मी ती काढल्याशिवाय उठत नाही.

पुढे क्लेझ नावाचा व्हायरस आला आणि नावाचाही भरवसा गेला. पाठवणारा म्हणून तो भलत्याच कुणाचा पत्ता घालायचा. बेलापूरच्या एका सोसायटीत दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं होतं. जिच्या नावाने व्हायरसचा मेल गेला, तिचं मशीन स्वच्छ निघालं. मी हेडर उघडून ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचल्या. मेल निघाला होता तिसऱ्याच घरातून, जिथे दोघींचे पत्ते होते. हे मी दोघींना समोरासमोर बसवून दाखवलं.

फॉरमॅट न करता मशीन हाताने साफ करतो याचा मला गर्व आहे. ‘आय लव्ह यू’ने रजिस्ट्रीच्या ‘रन’मध्ये केलेली ‘एमएसकर्नेल३२’ची नोंद पुसताना घरचे खुर्चीमागे जमायचे, ‘डॉक्टर’ म्हणायचे. ते मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. आल्याआल्या ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारे आणि अँटिव्हायरसची क्रॅक कॉपी टाकून पैसे घेणारे माझ्या लेखी कारागीर नव्हेत. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावरून तिथवर जाता येतं, याचा मला अभिमान वाटतो.

जून २०१७ मध्ये पेट्या हा व्हायरस न्हावाशेवा बंदरात घुसला, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम अडलं, कंटेनर तुंबले. तेव्हा इथे जो तो ‘मेलमधून आला’ म्हणत होता. तो शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथेही आपलं समजून दार उघडलं गेलं होतं.

आता मासळी विकणाऱ्या बायकांचे फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे अ‍ॅपची फाईल. इथे काही लपवलेलं नसतं, तरी बोट पडतं, कारण नंबर मावशीचा असतो. एकदा इन्स्टॉल झालं आणि मागेल ती परवानगी दिली की ते ओटीपीचे मेसेज वाचतं. पैसे गेले असतील तर आम्ही आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावायला सांगतो, फोन नंतर बघतो.

पोरगा म्हणतो, ‘काका, पयले मावशीला फोन लावायला शिकवू.’ मी म्हणतो, आधी सेटिंगमध्ये जा, व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप टाकायची परवानगी बंद कर. यावरून आमची रोज जुंपते. मावशी बाजारात धंद्यावर बसलेली असताना फोन उचलत नाही, हे माझं म्हणणं. सेटिंग घरातला नातू गेमसाठी परत चालू करतो, हे त्याचं. तो म्हणतो तसं होताना मी पाहिलंय. म्हणून सध्या दोन्ही करतो, पण आधी फोन.