रिबे गावची पाटी

डेन्मार्कमधील सर्वांत जुने शहर म्हणून रिबेचे नाव घेतात. इसवी सन ७०० नंतर थोड्याच वर्षांत तेथे नदीकाठी व्यापाऱ्यांचा बाजार वसला. आज वस्ती आठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे खेडेच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता हॅम्बुर्गला नोकरीनिमित्त राहणाऱ्या भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या मोटारीतून हे गाव पाहण्याचा योग आला.

जर्मनीची सरहद्द ओलांडल्यावर भाच्याने हमरस्ता सोडला. वळणावर एक तपकिरी पाटी दिसली. तिच्यावर पांढऱ्या पाकळ्यांचे, मध्ये पिवळे असे फूल. १९९१ साली राणी मार्गरेथ यांच्या हस्ते या मार्गाचे उद्घाटन झाले. देशातली देखणी गावे आणि निसर्ग यांना जोडणारा हा रस्ता. फुलाची पाटी दिसेल तिकडे वळायचे, एवढाच त्याचा नियम. दोन्ही बाजूंना सपाट कुरणे, चरणाऱ्या मेंढ्या, शाकारलेली घरे आणि समुद्र अडवणारे लांबच लांब मातीचे बांध. डोंगर कुठे नावालाही नाही. त्यामुळे रिबेच्या चर्चचा मनोरा खूप दुरूनच दिसू लागला.

बाराव्या शतकातल्या या चर्चसाठी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातून दगड जहाजाने आणला होता. भाचा कौतुकाने सांगत होता. सौ. शांतपणे म्हणाल्या, "अरे बाळा, आपल्या अजिंठ्यातली जुनी लेणी याच्या हजार वर्षं आधीची. ती तर डोंगरातच कोरली." भाचा हसला, "मामी, तुमच्यापुढे कोण बोलणार!"

नदीकाठी एक लाकडी खांब उभा आहे. समुद्राच्या पुराचे पाणी कोणत्या साली कुठवर चढले, त्याच्या खुणा त्यावर आहेत. सर्वांत वरची खूण ऑक्टोबर १६३४ ची. त्या रात्री नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे सहा मीटर पाणी चढले आणि थेट चर्चमध्ये शिरले. संकट विसरायचे नाही, त्याची उंची मोजून ठेवायची, ही या गावाची रीत आम्हाला आवडली.

पुढे गल्लीबोळातून हिंडताना एका घरावरची पाटी भाच्याने वाचून दाखवली. तेथे मारेन स्प्लीड नावाची बाई राहत होती. ९ नोव्हेंबर १६४१ रोजी तिला चेटकीण ठरवून गावाबाहेर जाळण्यात आले. मारेन ही एका सुखवस्तू शिंप्याची बायको. तिच्यावर आळ घेणाराही शिंपीच. रात्री आपल्याकडे बायका आल्या आणि त्यामुळे आपल्याला दुखणे जडले, अशी त्याची तक्रार. प्रकरण राजा चौथ्या ख्रिश्चनपर्यंत गेले. या राजाने १६१७ सालीच चेटकाविरुद्ध फर्मान काढले होते. मारेनला कोपनहेगनला नेऊन तिचे हाल करण्यात आले आणि शेवटी रिबेत आणून जाळण्यात आले.

वाचकहो, आपल्या सभांमधून आम्ही अनेकदा सांगतो, की कालाम लोकांना तथागतांनी काय शिकवले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका. तपासून पाहा. त्या न्यायसभेत असे विचारणारा कोणी टिकला असता तर एका बाईचा जीव वाचला असता. चार शतकांपूर्वीच्या युरोपाला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. करणी आणि भानामतीच्या नावाखाली माणसे छळली जातात म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर. रिबेने मात्र आपले पाप झाकले नाही. ज्या बाईला जाळले तिचे नाव भिंतीवर लावले आणि २०२० साली गावात या छळाचे संग्रहालयही उघडले.

याच गावात ३ मे १८४९ रोजी जेकब रीस जन्मला. वडील शाळामास्तर, घरात पोरांची पलटण. जेकबने सुतारकाम शिकले. गावातल्या धनिक गिरणीवाल्याच्या मानलेल्या मुलीवर, एलिझाबेथवर, त्याचे मन बसले. कुठे गिरणीवाला आणि कुठे सुतार! नकार मिळाला. १८७० साली, एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेला निघून गेला. न्यूयॉर्कमध्ये उपाशी हिंडला. बेघरांसाठी पोलीस चौक्यांत निवाऱ्याच्या खोल्या असत, त्यातही त्याने रात्र काढली. पुढे वार्ताहर झाला. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत पेटत्या चूर्णाच्या उजेडात त्याने फोटो काढले. १८९० साली त्याचे पुस्तक आले आणि शहराचा दुसरा अर्धा भाग कसा जगतो, ते सुखवस्तू लोकांना दिसले. रिबेत २०१९ पासून त्याचे संग्रहालय आहे.

लहानपणी रिबेतल्या एका मोडक्या वाड्यातल्या गरीब कुटुंबाला जेकबने नाताळात मिळालेले आपले पैसे दिले, पण घर स्वच्छ करा अशी अट घातली. हे ऐकून सौ. थबकल्या. त्यांचे बालपण चाळीत गेलेले. म्हणाल्या, "पैसे दिले ते चांगलंच. पण पोराने हे विचारलं का, की यांना पाणी किती मिळतं?" आम्हाला वाटते, या एका प्रश्नात रीसची थोरवी आणि मर्यादा दोन्ही आल्या. त्याच्या पुस्तकातही इटालियन, चिनी, ज्यू लोकांबद्दल पूर्वग्रहाची वाक्ये आहेत. दुसऱ्याची गरिबी दाखवणारा उपकारकर्ता असतो खरा. तरी ज्याने ती भोगली त्याने स्वतः बोलणे ही वेगळीच गोष्ट.

आणि येथे आम्हाला बाबासाहेब आठवल्याशिवाय राहिले नाहीत. जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले. मे १९१४ मध्ये रीस वारला. म्हणजे काही महिने एकाच देशात हे दोघे होते. पण आमच्या मनात घर करून राहिले ते दोघांचे परत येणे.

रीस पत्रकार म्हणून पायावर उभा राहिला आणि १८७६ साली रिबेला परतला. ज्या एलिझाबेथसाठी नकार मिळाला होता तिच्याशीच, गावाच्या त्याच मोठ्या चर्चमध्ये, त्याचे लग्न लागले. सुतार आणि गिरणीवाला यांच्यामधली भिंत पैशाची होती. माणूस वर चढला आणि भिंत ओलांडता आली. बाबासाहेब तर कोलंबिया आणि लंडन येथे शिकून १९१७ साली बडोद्याला रुजू झाले. त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. येथे भिंत जन्माची होती. तिला पदवी दिसत नाही. गरिबी आणि जात यांत फरक काय, असे जे आपल्याला सारखे विचारतात, त्यांना या दोन परतीच्या वाटा सांगाव्यात.

संध्याकाळी हातात कंदील घेतलेला गस्तवाला जुनी गाणी म्हणत पर्यटकांना गावातून फिरवतो. आम्हीही थोडे अंतर त्याच्यामागे चाललो. भाषा कळत नव्हती, पण काय सांगतोय ते भाचा हळूच सांगत होता. राजे, पूर, आगी, आणि मारेनही.

गाव जुने असणे यात फारसे मोठेपण नाही, आपल्याकडे जुन्या गावांना काय तोटा? गावाने कोणावर अन्याय केला हे गावच पाटीवर लिहिते का, हे पाहावे. आपल्या गावातल्या कोणत्या विहिरीवर आपल्या आजीला पाणी नाकारले, कोणत्या शाळेत आजोबांना दाराबाहेर बसवले, हे अजून घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. गाव पाटी लावील तेव्हा लावील. तोवर येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांच्या हातात वही द्या, वडीलधाऱ्यांना मध्ये बसवा, आणि नाव, गाव, साल यांसकट लिहून घ्या. ही माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे.

जयभीम!