गाणाऱ्या डोंगराची नोंद कोण ठेवणार?

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोत बसले की असल्फा स्टेशनजवळ खिडकीतून एक टेकडी दिसते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाला एक चिकटलेल्या खोल्या. २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी आणि तिथल्या रहिवाशांनी मिळून या खोल्यांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगवल्या. मग वर्तमानपत्रांत फोटो आले. इटलीतल्या समुद्रकाठच्या गावासारखी ही वस्ती दिसते, असे लोक म्हणू लागले. रंग दिला ते चांगलेच झाले. पण या भिंतींना रंग लागण्याच्या कितीतरी आधीपासून घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या या डोंगरपट्ट्यातली आणि त्याच्या पायथ्याची माणसे गात आली आहेत. त्या गाण्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याबद्दल चार शब्द लिहितो.

मी वळसंगचा. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे आमचे गाव. घरात मराठी, बाजारात कानडी. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले होते आणि आमच्या लोकांनी आपल्या श्रमाने खोदलेली विहीर त्यांच्या हस्ते खुली झाली. पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही, हे आमच्या गावातले पोर त्या विहिरीपाशीच शिकते. असे असूनही १९७२ च्या दुष्काळाने अनेकांना गाव सोडायला लावले. माझी आत्या आणि मामा त्यातलेच. त्यांनी असल्फ्याच्या टेकडीवर दहा बाय बाराची खोली उभी केली. सोलापुरात बी.कॉम. झाल्यावर मी १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे त्यांच्याकडे राहिलो आणि घाटकोपरच्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकुनी केली.

ती वस्ती मोठी अजब होती. शेजारी बँडमध्ये सनई वाजवणारा, त्याच्या वर पाट्या रंगवणारा पेंटर, खाली ढोलकीला शाई भरून देणारे एक चाचा, समोर १९८२ च्या संपात गिरणी सुटलेले आणि मग रात्री पहारेकरी झालेले एक काका. हे काका एकतारीवर गात. कोण कुठला, कोणत्या धर्माचा, हे दिवसा पाहिले जाई. रात्री पेटी उघडली की पाहिले जात नसे. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत दोन गायन पार्ट्यांचा सामना लागे. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. बाया पायऱ्यांवर बसत, पोरे पत्र्यावर चढत. पहाटेपर्यंत कुणी उठत नसे.

याचा अर्थ तिथे मजाच मजा होती असा नव्हे. पाणी रात्री अडीचला यायचे आणि तेही खालच्या नळाला. बाया हंडे घेऊन शंभराच्या वर पायऱ्या चढत आणि चढताना गात. मी एकदा विचारले, “आत्या, दम लागतो तरी गाता कशाला गं?” ती म्हणाली, “आरं बाळा, गाणं म्हणलं म्हणून घागर हलकी होत नाय, पर पायऱ्या मोजायचं इसरतं.” त्या डोंगरावरचे गाणे हे असे कामाचे गाणे होते. करमणूक त्यात होती, पण ती नंतर.

टेकडीवरून उतरून घाटकोपर स्टेशनच्या बाजूला चालत गेले की चिरागनगर लागते. इथल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे अनेक वर्षे राहिले. ‘चिरागनगरची भुतं’ हा त्यांचा कथासंग्रह या वस्तीचेच नाव घेऊन आला. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढले आणि तमाशाचा बाज कामगारांच्या प्रश्नाला जोडला. यातले अमर शेख म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे मेहबूब पटेल, तेही एके काळचे गिरणी कामगार. मुंबईत राबणारा नवरा आणि गावी राहिलेली त्याची मैना, यांच्या ताटातुटीतून अण्णा भाऊंनी बेळगाव-कारवार-निपाणीची ताटातूट मांडली. सीमेजवळच्या आम्हा वळसंगकरांना ती छक्कड समजावून सांगावी लागत नाही. आत्याच्या घरात तर ती रोजची गोष्ट होती. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला.

तिथून उत्तरेला मुलुंड. तिथल्या झोपडपट्टीत लोकशाहीर विलास घोगरे राहत. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात झोपड्या पाडल्या जाण्याचे दुःख त्यांच्या आवाजात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. हे पाहून व्यथित झालेल्या विलास घोगरे यांनी १५ जुलैला आपले जीवन संपवले. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चित्रपट केला. एका शाहिराची आठवण त्यामुळे तरी राहिली.

जुलै महिना या डोंगराला नेहमीच जड गेला. मी तिथे असतानाच १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. १८ जुलै २०२१ ला, म्हणजे अण्णा भाऊंच्या स्मृतिदिनीच, विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड आली आणि चेंबूरच्या भारत नगरात भिंत पडली. एका रात्रीत जवळपास तीस जीव गेले. डोंगर पोखरून उभ्या केलेल्या खोल्या, पाणी वाहून जायला नीट नाला नाही, आणि मुसळधार पाऊस. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. संरक्षक भिंत आणि सुरक्षित जागी पक्के घर ही मागणीही जुनीच आहे. रंगवलेल्या भिंतीचे कौतुक करणाऱ्यांनी संरक्षक भिंतीचीही चौकशी करावी, एवढेच माझे म्हणणे.

दूर ब्राझीलमध्ये रिओ शहरात मांगेरा नावाची अशीच एक गरिबांची टेकडी आहे. गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली, तरी काळ्या माणसांच्या वाट्याला डोंगरउतारच आले. तिथल्या लोकांनी १९२८ साली आपले सांबा गायन-नृत्याचे मंडळ काढले. त्याच्या संस्थापकांतला कार्तोला हा गवंडीकाम करी. सिमेंट डोक्यावर पडू नये म्हणून तो टोपी घाली, त्यावरून हे नाव पडले. थोर गाणी रचूनही त्याची स्वतःची पहिली तबकडी निघाली ती १९७४ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आज ती टेकडी आपल्या गवयांची नावे अभिमानाने सांगते. आपल्या टेकड्यांवरच्या गवयांची नावे कुणी लिहून ठेवली आहेत काय? पहाऱ्यावर जाण्याआधी एकतारी घेऊन बसणाऱ्या त्या काकांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली.

मी कारकून माणूस. नोंद नसेल तर व्यवहार झालाच नाही असे धरले जाते, हे मी रोज पाहतो. गाण्याचेही तसेच आहे. वामनदादा कर्डकांसारखे आपले कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. गाणाऱ्याने वेळ नाही म्हणून ते कडवे गाळले की कवी हरवला. पुढे ते गाणे कुणाचेही होते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. घरात आजी, आत्या, मामा जे गातात ते एका वहीत पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या कडव्यासकट. कवीचे नाव, गाव, कामधंदा, आणि हे गाणे कुणाकडून शिकलो, तेही लिहा. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तेव्हा आवाजही धरून ठेवा. मुलांनी हे काम सुट्टीत करावे. अशी एक वही प्रत्येक विहारात असावी.

आमच्या वळसंगात विहिरीची आठवण टिकली, कारण ती कुणी खोदली आणि कुणाच्या हस्ते खुली झाली हे घराघरांत सांगितले गेले. डोंगरावरच्या गाण्यांचेही असेच सांगणे सुरू झाले पाहिजे, आणि ते आपल्यालाच करावे लागेल.

जयभीम!