खाडा

धाकट्या भावाला मधुमेह निघाला, तेव्हा त्याने पहाटे फिरायचा नेम धरला. लग्नसराईत चार दिवस खाडा पडला आणि गडी घरीच बसला. म्हणे, "नेम मोडला, आता काय उपयोग?"

मला वाटतं, इथे पाय नाही, मन आडवं येतं. आपण नेमाला व्रत समजतो. मोडलं की संपलं.

फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, कुणाला फार जास्त. पण एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

शाळेत गैरहजर मुलाचं नाव आम्ही लगेच पटावरून काढत नसू. भावाला तेच सांगितलंय. बाबा रे, तुझं नाव अजून पटावर आहे. उद्या पहाटे नीघ.