कचरा कोणत्या खात्याचा?

मिलमध्ये पाळी सुटताना वेस्ट तोलतात. कार्डिंगचं वेगळं, रिंगचं वेगळं, झाडूनपुसून काढलेलं वेगळं. सगळं एकाच गोणीत कोंबलं तर कोणत्या खात्यानं कापूस खाल्ला हे मालकाला कधी कळणारच नाही. मालक तेवढा शहाणा असतो. दादरच्या चौपाटीवर बोलणारे मात्र सगळी घाण एका गोणीत भरतात आणि गोणीवर नाव लिहितात आपलं.

दोस्तांनो, दर वर्षीचं हे ऐकणं आहे. नागपूर-बडनेऱ्याकडून जादा गाड्या भरून आपला माणूस ६ डिसेंबरला दादरला उतरतो. भाकरी बांधून, पोरं खांद्यावर घेऊन. आणि ७ तारखेला पांढरपेशी तोंडं सुरू होतात, "यांनी चौपाटीची वाट लावली." गणपती बुडवल्यावर त्याच वाळूवर प्लॅस्टरचे हात-पाय पडलेले असतात. प्लॅस्टर पाण्यात लवकर विरघळत नाही. पण त्या दिवशी 'पर्यावरण' हा गोड शब्द निघतो. 'घाण' हा शब्द आपल्यासाठी राखून ठेवलेला. चवदार तळ्यावर १९२७ साली पाणी विटाळलं म्हणणारे ते हेच.

१९५६ च्या ७ डिसेंबरला याच किनाऱ्यावर बाबासाहेबांना अग्नी दिला. म्हणून या वाळूचं काय होतं ते आपण मोजायचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

रीत सोपी आहे. शंभर मीटरची पट्टी आखायची, पाण्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. जे सापडेल ते जातवार लिहायचं (जात हा शब्द इथं तरी कामाला आला): प्लॅस्टिक, काच, कापड, दोर, रबर. जगात बऱ्याच ठिकाणी किनारे असेच मोजतात. मी ५ तारखेलाच पोचलो, सुतळीचा गुंडा आन् वही घेऊन. वाकून वाकून लिहीत होतो तर आपल्याकडचीच एक म्हातारी थांबली. म्हणे, "काय हरपलं रे बापू तुह्यं?" म्हटलं, "काही नाही माय, कचरा मोजून रायलो." ती खाली बसली आणि एक एक वस्तू हातात देऊ लागली. वहीपेक्षा तिचा हात पटपट चालत होता.

गर्दी अजून यायचीच होती, तरी भरतीच्या रेघेवर कचऱ्याचा काळा पट्टा पडलेला. जाळ्याचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे दाणे, एकेकट्या चपला. कितीक चपलांना पांढरे कवचाचे बारीक जीव चिकटलेले. असा जीव एका रात्रीत चिकटत नाही. ती चपल बरेच दिवस पाण्यात होती. ती कोणत्या जादा गाडीनं आली, सांगा.

७ तारखेला पहाटे, झाडू फिरायच्या आधी, वरच्या कोरड्या वाळूवर वेगळा माल होता. पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, चहाचे कप, फुलांच्या पिशव्या. हा आपला. तोही लिहिला, एकही खोडला नाही.

पण हातानं मोजता येत नाही ती घाण मोठी. समुद्रात आंघोळ करायची तर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जंतू १०० च्या वर नसावेत, असा देशाचा नियम आहे. मुंबईच्या पावसाळी नाल्यांतून मात्र उन्हाळ्यातही सांडपाणी वाहतं. चैत्यभूमीजवळ अशाच एका नाल्याच्या तोंडावर २०२२ साली गच्ची बांधली गेली. बाकडी, झाडं, समोर सागरी सेतूचा देखावा. गच्चीला नाव माता रमाबाई आंबेडकरांचं. वर रमाईचं नाव, खाली नाला. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. नाव बदला असं मी म्हणत नाही, नाला आधी साफ करा.

वाळूचंही मोजमाप आहे. खेकड्यांची बिळं मोजून माणसाचा पाय किती पडतो ते ताडतात. पाय उठले की बिळं परत येऊ शकतात. भिंत उठत नाही. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. किनारी रस्त्यासाठी १११ हेक्टर समुद्र भरला. २०२४ मध्ये त्यावरून मोटारी सुटल्या. हासुद्धा 'मानवी हस्तक्षेप'च, पण याला घाण कोणी म्हणत नाही. वरळीचे कोळी मात्र मोजून भांडले. होड्या जायला पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर पुरत नाहीत म्हणाले, आणि १२० करून घेतले.

झाडू मारणाऱ्यांतही बहुतेक आपलेच, कितीतरी कंत्राटी. कचरा वाहतूक श्रमिक संघानं २७०० जणांना कायम करायचा निकाल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत लढून मिळवला. उरलेले आहेतच.

आन् अचलपूरवाल्यांनी हसू नये. सापन-बिच्छनमध्ये टाकलेली पन्नी पूर्णेला जाते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ त्याच समुद्राला. उकाईच्या धरणात अडकली नाही तर आपली पन्नीही तिथंच.

यंदा चार जण पाहिजेत. ४ डिसेंबरला एकदा, ७ च्या पहाटे एकदा, आणि जानेवारीत एखाद्या रिकाम्या मंगळवारी एकदा, तीच पट्टी. वही माझ्याकडे आहे. सुतळी जाडी आणा, मागची तुटली.