जास्तीची हवा

आमच्या घरात स्वतःला 'हम' म्हणण्याची रीत आहे. मराठीत लिहायला बसलो की तेच 'आम्ही' होऊन कागदावर उतरते. वाचकांनी त्यात बडेजाव शोधू नये. उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बी.एड. मास्तराकडे बडेजावाला जागा तरी कुठे असते?

आम्ही राहतो माणला. आमच्या लहानपणी जिथे शेते होती, तिथे आता राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. १९९० साली पुण्यात सुरू झालेल्या केपीआयटी कंपनीचे मुख्य कार्यालय इथेच, माणच्या हद्दीत आहे. गाडीच्या आतल्या संगणकांत जे सॉफ्टवेअर चालते, त्याचे काम ही कंपनी करते. तिकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या संशोधनाची संस्था १९६६ पासून आहे. म्हणजे गाडीचे धड आणि तिचा मेंदू, दोहोंचा अभ्यास आमच्या आसपासच चालतो. आणि त्याच रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या धाकट्या भावाचे गॅरेज आहे.

धाकटा आमच्याच शाळेत शिकला. आठवीला विज्ञान आम्हीच शिकवले. पुढे त्याने आयटीआय केले. हात असा की इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर रुसला आहे ते सांगतो.

२०२२ च्या पावसाळ्यात आयटी पार्कातले एक गिऱ्हाईक त्याच्याकडे आले. सोळाशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी, आणि सोबत बाहेरून मागवलेला सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे हवेचा पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. टर्बोही हेच काम करतो, पण तो धुराच्या जोरावर फिरतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी अशा धाटणीच्या पंपाचे पेटंट १८६० साली घेतले होते, तेव्हा मोटार जन्मलीही नव्हती. दुसऱ्या महायुद्धातली विमाने उंचावरच्या विरळ हवेत जोर टिकवत, ती याच युक्तीने.

धाकट्याने आठ दिवसांत पंप बसवला. ब्रॅकेट स्वतः घडवले, पट्टा बसवला, पाइप जोडले. बसवणी इतकी नेटकी की बघत राहावे. पहिली चक्कर झोकात झाली. दुसऱ्या दिवशी चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून खडे वाजवल्यासारखा आवाज आला, मग निळा धूर. इंजिन खोलले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वितळलेली होती.

रात्री तो आमच्याकडे आला. जेवला नाही. एवढेच म्हणाला, "भाईजान, हवा ज्यादा गई, पेट्रोल उतनाच गया."

वाक्य अगदी बरोबर होते. पण असे का झाले, ते त्याला सांगता येत नव्हते, आणि आम्हालाही नाही. मग दोघे मिळून शिकायला बसलो. माहिती सगळी इंग्रजीत. तो यंत्राचे सांगायचा, आम्ही इंग्रजीचे.

गाडीच्या संगणकात एक तक्ता असतो. शाळेच्या हजेरीपटासारखा. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला आत येणाऱ्या हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. त्या आकड्यावरून किती पेट्रोल सोडायचे ते ठरते. ठिणगी किती अंश आधी टाकायची, याचा दुसरा तक्ता. हवेचा दाब मोजायला सेन्सर असतो. साध्या इंजिनात बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब कधी येतच नाही, म्हणून त्या गाडीतला सेन्सर साधारण एक बारपर्यंतच मोजणारा होता. पंपाने १.४ बार दाब भरला, तरी सेन्सर सांगणार एकच. ज्या मुलाला शंभरापर्यंतच मोजता येते, त्याच्यापुढे एकशे चाळीस गोट्या ठेवल्या तरी तो शंभरच म्हणणार. त्यात त्याचे खोटे काही नाही.

हिशेब कागदावर मांडला. पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. पूर्ण जोरात असताना इंजिनाला थोडे जास्त पेट्रोल देतात, प्रमाण साडेबारापर्यंत आणतात. जादा पेट्रोल आतली उष्णता थोडी शोषून घेते. आता पेट्रोल तेवढेच आणि हवा १.४ पट म्हटल्यावर प्रमाण झाले साडेसतरा. एकीकडे मिश्रण कोरडे, दुसरीकडे दाबलेली हवा आधीच तापलेली, आणि ठिणगी जुन्याच वेळेला पडते आहे. मग मिश्रण शिस्तीत जळत नाही, कोपऱ्यात आपले आपण भडकते. ते खडे वाजण्याचे आवाज त्याचेच. ॲल्युमिनियमचा पिस्टन ते किती सोसणार?

उपाय कळल्यावर सोपा वाटला. तीन बारपर्यंत मोजणारा सेन्सर. मोठे इंजेक्टर, आणि पेट्रोलचा पंप तेवढे पुरवतो की नाही याची तपासणी. नवा तक्ता भरता येईल असा संगणक. धुरातला प्राणवायू मोजून मिश्रणाचे खरे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, कारण गाडीतला मूळचा सेन्सर १४.७ च्या आसपासचेच नीट सांगतो. ठिणगी मागे घ्यायची. ठोकताळा असा की दर एक पीएसआय जादा दाबामागे एक अंश. आपला दाब सहा पीएसआय, म्हणजे सहा अंश. मग गाडी रोलरवर चढवून आधी नुसती चालू ठेवायची, मग हलका भार, सगळ्यात शेवटी पूर्ण जोर. सुरुवात ओल्या मिश्रणाने करायची आणि एकेक चौकट भरत जायची. घाई करणाऱ्याचा पिस्टन जातो.

शहरातल्या एका जाणकाराकडे दोन दिवस बसून हे काम झाले. नव्या पिस्टनसह सारा खर्च धाकट्याने सोसला. बायकोच्या भिशीचे पैसे त्यात गेले. गाडी मात्र उत्तम चालली.

आणि तेव्हा आम्हाला सुचले की कायदा काय म्हणतो ते बघावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहेत. गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगितले. भला माणूस. त्याने पंप काढून गाडी पहिल्यासारखी करून घेतली. इतकी मेहनत एका दुपारी फडताळात गेली.

पैशाचे दुःख निवले. आम्हाला लागून राहिली ती वेगळीच गोष्ट. धाकट्याला एकदा विचारले, "सेन्सर कितीपर्यंत मोजतो, हे आधी कुणाला विचारले का नाहीस?" तो म्हणाला, "समोरच्या बिल्डिंगमधले सगळे इंग्रजीत बोलतात. आपल्याला विचारायचे शब्द तरी कुठे येतात?"

बॉइलचा नियम त्याला आम्हीच पाठ करून घेतला होता. तपमान कायम असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात, हे त्याने परीक्षेत उर्दूत बिनचूक लिहिले होते. पूर्ण गुण आम्हीच दिले होते. पण दाब मोजणाऱ्या साधनालाही मर्यादा असते, आणि ती आधी विचारायची असते, हे आमच्या धड्यात नव्हते. सायकलचा पंप वर्गात आणून, तोंडावर बोट दाबून, नळी कशी तापते तेही आम्ही कधी दाखवले नाही. म्हणजे मुलाच्या डोक्यात आम्हीही हवाच भरत होतो. सोबत जे द्यायचे ते दिले नाही.

आता आठवीला तो धडा आला की वर्ग गॅरेजमध्ये नेतो. धाकटा तो वितळलेला पिस्टन मुलांच्या हातात देतो. फळ्यावर शब्द तीन रकान्यांत लिहितो: उर्दू, मराठी, इंग्रजी. हवा का दबाव, हवेचा दाब, एअर प्रेशर. गेल्या खेपेला मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "सर, ये सेन्सर कहाँ तक गिनता है?"

धाकटा आमच्याकडे बघून हसला. म्हणाला, "इसकू पूरे मार्क दो भाईजान."