कोलोन ते कार्ताहेना : गाडीचा जलप्रवास

कोलोन, पनामा

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

अलास्कापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग सलग आहे, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात तो पनामातील याविसा गावी थांबतो आणि तेथून कोलंबियातील तुर्बोपर्यंत दारिएनचे सुमारे 100 किलोमीटरचे दलदलीचे अरण्य पसरलेले आहे. रस्ता न होण्यास केवळ चिखल कारण नाही. दक्षिणेकडील गुरांचा लाळ्या-खुरकूत उत्तरेत शिरेल या भीतीने, आणि पर्यावरणाचा विचार पुरेसा झाला नसल्याच्या आक्षेपावरून, 1975 साली अमेरिकेतील न्यायालयाने त्या देशाच्या पैशातून व्हावयाचे काम अडवले. महामार्ग अडला तो गुरांच्या खुरांपायीही, हे गोठा असलेल्या घरात तरी नवलाचे वाटू नये.

त्यामुळे गाडी कोलोनहून कार्ताहेनाला जहाजाने पाठवावी लागते, आणि येथेच ती वाहन न राहता माल ठरते. मालवाहू जहाजावर मालकाला सहसा जागा नसते. तो विमानाने किंवा सान ब्लास बेटांवरून जाणाऱ्या शिडाच्या नौकेने पुढे जातो. तत्पूर्वी पोलिस गाडीचे चेसिस व इंजिन क्रमांक कागदांशी ताडून ती चोरीची नसल्याची खात्री करतात. काजळीखाली दडलेला क्रमांक आधीच पुसून ठेवलेला बरा.

'रोरो' म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर चढते-उतरते असे जहाज. त्यात किल्ली बंदरावर सोपवावी लागते आणि आतील सामानाची शाश्वती उरत नाही. कंटेनरला सील लागते, म्हणून तो अधिक विश्वासाचा, परंतु 20 फुटी कंटेनरचे दार सुमारे 2.28 मीटर उंच असल्याने छतावरचा तंबू उतरवावा लागतो, कधी चाकांतील हवाही कमी करावी लागते. आतील रुंदी जेमतेम 2.35 मीटर, गाडी आत घेतल्यावर दार पुरते उघडत नाही, आणि चालकाला खिडकीतून किंवा मागच्या दाराने बाहेर पडावे लागते. मग पट्टे आवळून चाकांना ठोकळे लावतात व बॅटरीची तार सोडवतात. खर्च वाटून घेण्यासाठी दोन अनोळखी प्रवासी 40 फुटी कंटेनरात एकामागे एक गाड्या लावतात, ही सोय स्वस्त खरी, मात्र एकाचा कागद अडला की दुसराही अडकतो.

कळावे.

कार्ताहेना, कोलंबिया

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

येथे सर्व काही 'बिल ऑफ लेडिंग'वर चालते. माल ताब्यात घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्त असे तिन्ही त्या एका कागदात असल्याने त्यातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावे लागते, अन्यथा दुरुस्ती होईतो गाडी बंदरातच राहते आणि मोफत मुदतीनंतर डेमरेज, म्हणजे विलंबाचे भाडे, चढू लागते. कस्टमने तात्पुरत्या आयातीचा परवाना दिल्यावर 'सोआत' हा सक्तीचा अपघात विमा उतरवावा लागतो. त्याशिवाय रस्त्यावर निघता येत नाही.

भारतात नोंदलेली गाडी मायदेशाबाहेर काढताना आणखी एक दस्त लागतो, तो 'कार्ने'. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते. गाडी परक्या देशात विकली जाणार नाही आणि गेलीच तर शुल्क भरले जाईल, अशी ती हमी असते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : एक प्रवेशाच्या वेळी फाडतात, दुसरा निर्गमनाच्या वेळी, आणि तिसरा दोन्ही शिक्के घेऊन पुस्तकात राहतो. एक शिक्का राहिला तरी परतल्यावर ठेव अडकते. कोलंबियात मात्र स्थानिक परवाना पुरतो, त्यामुळे ते पुस्तक सध्या पेटीतच आहे.

पुढील पत्र मेदेयीनहून. लोभ असावा.